गप्प बसणारा क्लायंट: टॅरो रीडरनी त्याला बोलतं करावं का?

पत्तेवाली_कोथरूड:
मी घरीच समोरासमोर टॅरो रीडिंग करते, म्हणजे चित्रांचे पत्ते मांडून त्यांचा अर्थ लावते. व्हॉट्सॅपवरून येणारे लोक आधीच रामायण लिहून पाठवतात, पण समोर येऊन बसले की तोंडाला कुलूप. काय विचारायचंय? "जनरल बघा ना." की संपलं.
माझं मत असं की त्यांना बोलतं करणं हे आपलं कामच आहे, फक्त प्रश्नांची सरबत्ती नको. मी पत्ते त्यांनाच पिसायला देते, हाताला काम मिळालं की माणूस जरा सैलावतो, मग एक कार्ड उघडते आणि अर्थ न सांगता विचारते की यात काय दिसतंय. रायडर-वेट डेकचा, म्हणजे मी वापरते त्या पत्त्यांच्या संचाचा फायदा हाच, १९०९ च्या त्या डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथनी आकड्यांच्या साध्या पत्त्यांवरसुद्धा अख्खे प्रसंग काढलेत, नाहीतर मार्सेयच्या जुन्या डेकमध्ये पाच पेल्यांचं कार्ड म्हणजे नुसते पाच पेले. रायडर-वेटमध्ये त्याच कार्डावर काळा झगा घातलेला माणूस आहे, पुढे तीन पेले सांडलेत, मागे दोन उभे. कुणी म्हणतं हा रडतोय, कुणी म्हणतं मागचे दोन याला दिसत नाहीत का, आणि गाडी तिथून सुरू होते. सेल्टिक क्रॉस या मोठ्या मांडणीची दहा कार्डं तर गप्प माणसासमोर मी मांडतच नाही, तीन बास.
अपवाद एकच, डेथ नावाचं कार्ड. ते निघालं की गप्प माणूस आणखीच गोठतो, त्याला "काय दिसतंय" विचारणं म्हणजे क्रूरपणा, तिथे मी लगेच सांगते की बाबा हे मरणाचं नाही, काहीतरी संपून पुढचं सुरू होण्याचं कार्ड आहे.

शंकेखोर:
म्हणजे सगळं क्लायंटनीच सांगायचं, मग ताई तुम्ही नक्की काय सांगता? याला कोल्ड रीडिंग म्हणतात, समोरच्याच्या तोंडून काढायचं आणि त्यालाच परत ऐकवायचं. १९४८ साली फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानी वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन वाटलं, प्रत्येकाला वाटलं आपलंच आहे, वर्णन किती जुळतं याला सरासरी ५ पैकी ४.२६ मार्क दिले पोरांनी. मूळ पत्ते तर १५ व्या शतकात इटलीत खेळायलाच होते. गप्प बसणारा क्लायंट हीच तुमची खरी परीक्षा, म्हणून तर तो नकोसा वाटतो.

नारायणपेठी:
पुण्यात गप्प बसणारा माणूस सापडला हीच बातमी आहे.

चांदणी_टॅरो:
मी पण रीडिंग करते, पण मला हे अजिबात पटत नाही. लोक माझ्याकडे ऐकायला येतात. आपल्याकडचा माणूस पैसे मोजून बसलाय, तो आधी बघणार की हिला खरंच काही येतंय का, आणि तुम्ही त्यालाच विचारणार यात काय दिसतंय? तो मनात म्हणणार, मला दिसत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो. मी आधी पूर्ण रीडिंग सांगून टाकते, त्यांनी हूं म्हणो न म्हणो, आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवते. निम्मे लोक तेव्हाच बोलतात, अगदी चप्पल घालता घालता.

पत्तेवाली_कोथरूड:
@चांदणी चप्पल घालताना बोलतात हे शंभर टक्के खरं. पण खरा प्रश्न दारात कळणार असेल तर आधीचा पाऊण तास आपण कुठल्या प्रश्नाला उत्तर देत होतो?
@शंकेखोर मी भविष्य सांगते असा दावा करत नाही, हे फोनवर अपॉइंटमेंट देतानाच सांगते. चित्र बघून माणूस स्वतःबद्दल बोलतो, मला तेवढंच हवंय.

अंजिरी:
मी या गप्प क्लायंटपैकी आहे. आई घेऊन गेली होती, लग्नाचं बघायला. एट ऑफ स्वोर्ड्स निघालं, डोळ्यांवर पट्टी, हात बांधलेली बाई आणि भोवती तलवारी, आणि रीडर अगदी प्रेमानी विचारतायत "यात तुला काय दिसतंय?" आता आई मांडीला मांडी लावून बसलेली असताना मी काय सांगू?? म्हटलं तलवारी. त्या परत परत म्हणत राहिल्या मनमोकळं बोल, मनमोकळं बोल. अहो आधी आईला बाहेर बसवा की. गप्प माणूस लाजाळूच असतो असं का धरून चालता, बऱ्याचदा बरोबर कोण आलंय तेच कारण असतं.

चांदणी_टॅरो:
@अंजिरी हेच म्हणतेय मी, बोलायची सक्ती नको.

अंजिरी:
नाही हो, तुमचंही नको. आईसमोर माझं पूर्ण रीडिंग वाचून दाखवलं असतं तर घरी जाईपर्यंत रिक्षात दुसरं रीडिंग झालं असतं.

शंकेखोर:
हा मुद्दा आवडला. पण ताई, फोनवर सांगता ते आईला सांगता, रीडिंग पोरीचं. तिला कोण सांगतं की हे भविष्य नाही?

पत्तेवाली_कोथरूड:
बरोबर, जिचं रीडिंग तिलाच परत सांगायला हवं. बरोबर आलेल्यांना मी बाहेरच बसवते, चहा देते. एक काकू चिडून चहा न पिता गेल्या होत्या, जाऊ देत. पण काय दिसतंय हे विचारणं मी सोडणार नाही. उत्तर "तलवारी" आलं तरी चालेल, तेही उत्तरच आहे, मग त्या किती आहेत आणि तिला जायला वाट आहे का एवढंच विचारायचं पुढे.

नारायणपेठी:
आणि तरी नाही बोलला तर फी अर्धी का?