मांदेली ताटात की फिशमीलच्या कारखान्यात?

तळलेला_तुकडा: बारीक मासळी वाळवून दळून तिचं फिशमील करायचं नि ते कोळंबीच्या तलावात नि कोंबड्यांना घालायचं, हे मला अजिबात पटत नाही. मांदेली म्हणजे अँचोव्हीच, पिझ्झावर खारवलेली येते तिच्याच कुळातली. एक किलो फिशमीलला चार-साडेचार किलो ताजी मासळी लागते! आणि बाजारात लोक नाक मुरडतात, काटे फार म्हणे. अहो, काट्यासकटच खायची असते ती, डोकं-पोट काढा, आगळ (कोकमाचा रस), हळद, तिखट, मीठ लावा, तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळा आणि शेपटीपासून सुरू करा.

डोलीवाला: रेसिपी झकास, आता पहाटे बंदरावर या. डोलीत, म्हणजे आमच्या पिशवीसारख्या जाळ्यात, बोंबील, जवळा, मांदेली सगळं एकत्र येतं. मांदेली पोटाकडून लगेच मऊ पडते, बर्फ कमी पडला की गिऱ्हाईक हात लावत नाही. तो माल परत दर्यात टाकू? फिशमीलवाला चार पैसे देतो, डिझेल सुटतं. चांगली मांदेली कोण देतंय त्याला, तिचा वाटा बाजारातच जास्तीला जातो.

खारा_वारा: दोघांच्या हिशेबात समुद्रातली गिऱ्हाईकं कुठायत? मोठे मासे, पक्षी याच बारक्यांवर जगतात. पेरू बघा, 1970 ला अँचोव्ही 1 कोटी 20 लाख टनांच्या वर काढली, जवळजवळ सगळी फिशमीलला, मग 1972 चा एल निनो आला, म्हणजे तिथला समुद्र तापला, आणि 1973 ला 20 लाख टनपण नाही मिळाली. किनाऱ्यावरचे पक्षी उपाशी मेले ते वेगळंच.

डोलीवाला: पेरूशी कसली तुलना करता राव, तिकडे मोठमोठ्या बोटी एकाच माशाच्या मागे. आमची डोल एका जागी बांधलेली, भरती-ओहोटीला जे येईल ते. हे लेक्चर मासळीच्या थव्याला वेढा घालणाऱ्या पर्सिननेटवाल्यांना आणि एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांना द्या.

खारा_वारा: डोल जागची हलत नाही मान्य, पण शेवटाला भोकं एवढी बारीक की बोंबलाची पोरंसुद्धा अडकतात, ती कुठे जातात मग? 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी पाळायची आणि ऑगस्टमध्ये पिल्लं उचलायची.

तळलेला_तुकडा: म्हणूनच म्हणतो, माणसानं खाल्ली तर निदान भावासाठी तरी मोठी मांदेली धरतील, कारखान्याला काय, साइज कोण बघतो. आणि ताजी खपली नाही तर सुकवा की, सुकी मांदेली पावसाळ्यात भाकरीबरोबर काय लागते!

अंडाकरी: आणि कोंबड्यांनी काय खायचं? फिशमील नको तर सोया, तोही कुणाच्या तरी शेतातूनच येणार. अंड्याचा भाव वाढला की सगळ्यात आधी तुम्हीच ओरडणार.

डोलीवाला: सुकवा म्हणणं सोप्पंय. कोळीवाड्यात जागा दाखवा, आमच्याकडे मासळी वाळायची तिथे आता टॉवरवाल्यांच्या गाड्या लागतात, वर वास येतो म्हणून तक्रारपण तेच करतात.