सईचं कव्हर लेटर: घरच्या ग्रुपवरची चर्चा

सई: सगळ्यांनी जरा बघा ना. गोदामातल्या मालाचं नियोजन बघायची एक जागा निघालीय, अर्ज करतेय. रेझ्युमे तयार आहे, कव्हर लेटरपाशी अडलंय. सुरुवात अशी केलीय: "आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन. मी मेहनती, प्रामाणिक आणि सर्वांशी मिळूनमिसळून काम करणारी आहे."

मामी: छान आहे की. नम्र वाटतंय.

मामा: सई, स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. भरतीच्या कामात माझी कितीतरी वर्षं गेली. ही दोन वाक्यं कुठल्याही कंपनीला, कुठल्याही जागेसाठी चालतील, म्हणून वाचणारा ती वाचतच नाही. मी मेहनती नाही असं कोण लिहितं? जाहिरातीत काय मागितलंय ते टाक आधी.

सई: "साठ्याचा ताळमेळ, पुरवठादारांशी समन्वय, एक्सेलवर हुकमत. सध्या दोन गोदामं एकत्र करण्याचं काम सुरू आहे."

मामा: शेवटची ओळ महत्त्वाची! त्यांची अडचण तिथे आहे. दोन गोदामं एक करताना एकाच वस्तूचे दोन कोड निघतात, मोजणी जुळत नाही. यातलं काही केलंयस का तू?

सई: हो! आमच्याकडे हेच होतं. मी सगळ्या कोडची एकच यादी केली. महिनाअखेरची मोजणी ४ दिवस चालायची, ती दीड दिवसावर आली. पण ते रेझ्युमेत आहे की.

मामा: रेझ्युमेत ती एक ओळ आहे. पत्रात सांग की काय अडत होतं, तू काय केलंस आणि त्याने काय फरक पडला. असं एकच काम नीट सांग. पाच कामं कोंबलीस तर एकही लक्षात राहणार नाही. आणि ते त्यांच्या दोन गोदामांशी जोड. आपल्याला काय हवंय हे सगळेच लिहितात, त्यांचं काय अडलंय ते ओळखणारा क्वचित भेटतो.

निनाद: मामाच्या बोलण्यावरून आठवलं. लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झासाठी असंच पत्र तयार केलं होतं. त्याचा मसुदा अजून जपलेला आहे. पत्रभर काय, तर उचलून नेता येणारे हलके पूल, तोफा, वेढा घालताना खंदकातलं पाणी कसं काढायचं. चित्रकला अगदी शेवटी! कारण स्फोर्झाला तेव्हा युद्धाची सामग्री हवी होती.

मामा: वा निनाद! हे मला माहीत नव्हतं.

मावशी: दादा, पण हल्ली पत्र कुणी उघडतही नाही म्हणतात.

मामा: काही ठिकाणी खरंच नाही उघडत. पण दोन उमेदवार सारखेच असले, कुणी क्षेत्र बदलत असलं किंवा मध्ये खंड पडला असला, तर पत्राकडे हात जातो. या गोष्टी रेझ्युमेला बोलून दाखवता येत नाहीत.

मावशी: खंडाचंच विचारायचं होतं. आईच्या आजारपणात मी नोकरी सोडली, आता परत करायचीय. ते लिहू की लपवू?

मामा: लपवू नकोस, तारखांवरून कळतंच. एका वाक्यात लिही: घरच्या आजारपणामुळे काम थांबवलं होतं, आता पूर्णवेळ काम करू शकते. माफी नको, आजाराचे तपशील नकोत. लगेच पुढच्या वाक्यात कामाकडे वळ. तू आईचं केलंस, त्यात मान खाली घालण्यासारखं काहीही नाही.

मावशी: बरं वाटलं ऐकून 🙏

निनाद: सई, एआयकडून लिहून घे ना सरळ.

मामा: शुद्धलेखन तपासायला जरूर घे. पण तुझी माहिती न देता लिहायला सांगितलंस तर "नामांकित संस्था" परत येईल. साधी कसोटी: मुलाखतीत समोर बसून जे वाक्य तुला बोलता येणार नाही, ते काढून टाक.

सई: हे बघा आता: "दोन गोदामांचा साठा एकत्र करताना कोड जुळवणं सर्वात वेळखाऊ असतं. सध्याच्या कामात मी दुहेरी कोड काढून एकच यादी तयार केली. त्यामुळे महिनाअखेरची मोजणी ४ दिवसांवरून दीड दिवसावर आली. तुमच्याकडे सुरू असलेल्या एकत्रीकरणात हा अनुभव थेट उपयोगी पडेल."

मामी: अगं, ही तर वेगळीच सई! पहिलं मला आवडलं होतं, पण हे वाचून तुला बोलवावंसं वाटतं.

मामा: झकास. आता पुरवठादारांबद्दल एक छोटा परिच्छेद, शेवटी मुलाखतीला कधी येऊ शकतेस ते. एका पानाच्या वर जाऊ नकोस, अर्धं पान भरलं तरी पुष्कळ. पगाराचं त्यांनी विचारलं असेल तरच लिही. भरती कोण बघतंय त्यांचं नाव जाहिरातीत असेल तर नावाने लिही. फाइल पीडीएफ, फाइलला तुझं नाव आणि पदाचं नाव. मेलच्या विषयातही पदाचं नाव, जाहिरातीत क्रमांक असेल तर तोही.

सई: पूर्ण पत्र टाकलंय वर, सगळ्यांनी वाचा.

मावशी: सई, शेवटच्या परिच्छेदात कंपनीचं नाव वेगळंच दिसतंय गं. आधीच्या अर्जातलं राहिलंय का?

सई: अय्या! हो. बदलते लगेच.

मामा: शाब्बास धाकटे. बदलून झालं की एकदा मोठ्याने वाच सई, आणि आजच पाठव. मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस. आणि धाकटे, तुझंही पत्र येऊ दे इथेच.

मावशी: रात्री टाकते.