मदत हवी आहे: फोटोवर 'हा फोटो खरा आहे' असं लेबल कसं टिकवायचं?

पेठकरी
दिवे घाटातल्या पालखीचे फोटो साइटवर टाकले की पहिली कमेंट ठरलेली: "एआय आहे." म्हणून कंटेंट क्रेडेन्शियल्स (फोटो कोणी, कशात बनवला याची फाइलला जोडलेली डिजिटल सही केलेली नोंद) लावून एक्सपोर्ट केले. पण साइटवरून उतरवून तपासले तर 'माहिती नाही' येतं. लेबल जातं कुठे? वारी तोंडावर आलीये, थिअरी नको.

निगेटिव्ह
कॅमेरा कोणता? एक्सपोर्ट कशातून? साइट कशावर? यातलं एक तरी लिहा.

एफ-एट
कॅमेराच बदला. लायका एम ११-पी २०२३ पासून शटर दाबतानाच सही करतो. पिक्सेल १० फोनही करतो. बाकी सगळी मलमपट्टी.

निगेटिव्ह
तोंडावर आलेल्या वारीला लायका? आणि कॅमेऱ्याच्या सहीचं फार कौतुक नको. निकॉन झेड ६ थ्रीमध्ये २०२५ साली ही सोय आली आणि लगेच भोक सापडलं: मल्टिपल एक्स्पोजर (एकावर एक फोटो चढवायची सोय) वापरून बाहेरच्या फोटोवरही सही मिळत होती. कंपनीला सेवा थांबवून सर्टिफिकेटं रद्द करावी लागली.

पेठकरी
कॅमेरा जुना डीएसएलआर, एडिट-एक्सपोर्ट लाइटरूम क्लासिकमधून, फाइल जेपेग, साइट वर्डप्रेसवर. याने काय फरक पडतो?

टर्मिनल
सगळा फरक तिथेच आहे. 'माहिती नाही' म्हणजे सहीचा भाग फाइलमधून गळलाय. सही तशीच राहून फाइलमध्ये फेरफार असता तर तपासणीत तसं आलं असतं. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची '-स्केल्ड' नावाची प्रत बनवतं आणि शिवाय छोट्या प्रती. या प्रतींत सही येत नाही.
लांब बाजू २०४८ ठेवून एक्सपोर्ट करा, पोस्टमध्ये 'फुल साइझ' निवडा. तरी मोबाइलवर ब्राउझर छोटी प्रतच उचलतो, म्हणून फोटोला मूळ फाइलची लिंक द्या आणि खाली तसं लिहा. जेपेगचं वेबपी (वेबसाठीचा हलका फॉरमॅट) करणारं प्लगिन त्या फोटोंपुरतं बंद. लाइटरूममध्ये माहिती फाइलला जोडा आणि क्लाउडवरही ठेवा. फाइलमधली गेली तर क्लाउडवरची शोधता येते.
एक मात्र ध्यानात घ्या: जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोवर सही लाइटरूमपासून सुरू होते. कोणी, कशात, काय एडिट केलं एवढंच ती सांगते. घाटात काय होतं ते नाही.

मार्केटयार्ड
म्हणजे कर्नाटकच्या आंब्याच्या पेटीवर 'देवगड' छापायचा धंदा. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले. मासिक नामांकित, फोटोग्राफर खरा, मग लेबल काय लावणार होतात?

टर्मिनल
'पिरॅमिड सरकवले' हेच लावलं असतं. म्हणून 'खरा फोटो' असा शिक्का मारूच नका. ओळ अशी हवी: "दिवे घाट, तारीख, वेळ, फोटोग्राफरचं नाव. क्रॉप आणि उजेड-रंग बदलले, काही काढलं-घातलं नाही." रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि मागच्या-पुढच्या फ्रेम जपून ठेवा. कमेंटवाल्याचं तोंड त्यानेच बंद होतं.

वकिली
कोर्टात द्यायचा असेल तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ आणि भाग ब, दोन्हींत हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायचा.

निगेटिव्ह
साहेब, पालखीवर दावा कोण लावतंय?

एफ-एट
इन्स्टावर आपोआप 'एआय' लागलं तर? फोटोशॉपच्या जनरेटिव्ह फिलने (एआयने जागा भरणारं टूल) विजेच्या तारेचा एक तुकडा पुसला तरी लागू शकतं.

टर्मिनल
ते टूल वापरलंत तर फाइलमध्ये तशी नोंद पडते. जुना क्लोन स्टॅम्प (शेजारचा भाग हाताने वर चढवायचं टूल) वापरलात तर हे लेबल लागणार नाही. पण तार पुसलीच, तर 'काही काढलं नाही' ही ओळ लिहू नका.

पेठकरी
फुल साइझ केलं. आता 'फाइल बदललेली आहे' असं येतंय!

निगेटिव्ह
अपलोड करताना वॉटरमार्क चिकटवणारं काही चालू आहे का?

पेठकरी
आहे ना. सगळ्याच फोटोंवर नाव येतं आमचं.

टर्मिनल
मग आधी सांगायचं. सहीनंतर एक पिक्सेल हलला तरी हॅश जुळत नाही. वॉटरमार्क लाइटरूममधूनच एक्सपोर्टच्या वेळी टाका, प्लगिन बंद करा.

पेठकरी
आलं नाव! पण दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की पुन्हा कोरा.

निगेटिव्ह
फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एफ-एट
घाटातला हा अँगल ड्रोनचा आहे का? परवानगी कुठून काढली?