माळव्यात इंधनासाठी गवत लावावं का?

माळवीमाती (इंदूर):
देवगुराडियाला शहराच्या ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी, म्हणजे कचरा कुजवून मिळणारा वाहनांचा गॅस, होतो. 2022 साली सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन कचऱ्याची. तालुक्यांत असेच छोटे प्रकल्प काढून त्यांना संकरित नेपियर, म्हणजे नेपियर आणि बाजरीच्या संकरातलं उंच चाऱ्याचं गवत, पुरवावं, असं माझं ठाम मत आहे. एकदा ठोंबं लावली की काही वर्षं नांगरट नाही, माती धरून राहते, दीड-दोन महिन्यांनी कापणी. सोयाबीनच्या भरवशावर अजून किती बसायचं? संशोधकांनी जास्त उत्पन्नाचे वाण द्यावेत, बस.

शिप्राकाठ:
मुळीच पटत नाही. उन्हाळ्यात बोअर आटल्यावर ती कापणी कशाच्या जोरावर करणार? शिवाय हिरवं गवत कापलं की नत्र-पालाश शेताबाहेर जातं. अमेरिकेतलं स्विचग्रास थंडीआधी पानांतलं नत्र मुळांकडे ओढून घेतं आणि वाळल्यावर कापलं जातं, म्हणून त्याला खत कमी लागतं. कोवळ्या कापलेल्या नेपियरला तेवढी सवडच मिळत नाही.

माळवीमाती:
प्रकल्पाची स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेला पातळ गाळ, त्याच शेतांत परत टाकायची. आणि चांगली जमीन नको असेल तर चरनोई, म्हणजे गावाची गुरचरण जमीन, आहे, पडीकच आहे ती.

खरमोरप्रेमी:
चरनोईला पडीक म्हणू नका हो! तिथला पवन्या, मारवेल हेही बहुवर्षायू गवतच आहे. विनापाणी, विनाखत गावाची गुरं त्यावर जगतात. सैलाना आणि सरदारपूरची अभयारण्यं 1983 साली खरमोरासाठीच झाली. हा पक्षी पावसाळ्यात अशाच माळावर अंडी घालतो. पुरुषभर उंच, दाट नेपियरमध्ये तो उतरणार नाही. सुधारायचं तर आधी मारवेल सुधारा.

गवतअभ्यासक:
‘जास्त उत्पन्न’ एवढ्याने वाण ठरत नाही. बायोगॅससाठी लिग्निन (काडीला कडकपणा देणारं द्रव्य) कमी हवं, कारण ते जिवाणूंना पचत नाही. जाळायच्या पेलेटला (वाळलं गवत दाबून केलेल्या कांड्यांना) लिग्निन चालतं, तिथे राख आणि ओल नको. एका वाणात दोन्ही मागाल तर दोन्हीकडे अर्धवट मिळेल. दुसरी अडचण: नेपियरची गुणसूत्रं 28, बाजरीची 14, संकराची 21. 21 च्या जोड्या नीट जुळत नाहीत, त्यामुळे संकर बी धरत नाही. रानात माजत नाही हा फायदा, पण सुधारणा करायची तर दरवेळी मूळ नेपियर आणि बाजरीकडेच जावं लागतं. हे काम वर्षानुवर्षांचं आहे. ओलिताच्या प्लॉटवरचे आकडे पाहून वाण निवडू नका. मुरमाड जमिनीत, पावसाच्याच पाण्यावर चाचण्या घ्या. झाशीची चारा संशोधन संस्था 1962 पासून गवतावर काम करते आहे, तिच्याकडे हाच आग्रह धरायला हवा.

माळवीमाती:
चाचण्यांचं मान्य. चरनोई राहू द्या, बांध आणि नाल्याकाठ तरी घ्या. पण चाचण्या संपेपर्यंत शेतकऱ्याला थांबवू नका.

शिप्राकाठ:
थांबवायलाच हवं. हिरव्या नेपियरमध्ये तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, ते वाहून नेण्याचं भाडं शेतकऱ्याच्या माथी बसेल. प्रकल्प आधी उभा राहू दे, दर आणि वाहतूक लेखी ठरू दे, मग ठोंबं लावा.