घटनेत 50 टक्के लिहिलेच नाहीत, मग जिल्हा परिषदेच्या जागा गेल्या कशा?

प्रश्न, कारंजा तालुका
जिल्हा परिषद कायदा 1961 च्या कलम 12 मध्ये ओबीसींना 27 टक्के जागा लिहिल्या होत्या. कोर्टानं ते कलम खोडलं नाही, तरी 2021 मध्ये वाशीम, अकोला, नागपूरचे ओबीसी गट रिकामे झाले. कारण सांगतात की एकूण आरक्षण 50 टक्क्यांवर गेलं. पंचायतीतल्या राखीव जागांचं घटनेचं कलम 243-ड दोनदा वाचलं, 50 टक्के कुठंच सापडले नाहीत. ही मर्यादा आली कुठून?

उत्तर, वकील, यवतमाळ
भाऊ, 243-डची उपकलमं सुटी सुटी वाचा. उपकलम 1 म्हणते एससी-एसटीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव ‘राहतील’. उपकलम 6 मागासवर्गाबद्दल एवढंच म्हणते की राज्याला तरतूद करायला मनाई नाही. एक बंधन आहे, दुसरी नुसती मुभा, आणि मुभा किती वापरायची हे घटनेनं सांगितलं नाही. ती मोकळी जागा कोर्टानं भरली. 50 टक्क्यांचं सूत्र 1962 च्या बालाजी खटल्यातलं, 1992 मध्ये इंद्रा साहनीत नऊ न्यायमूर्तींनी पक्कं केलं, पण ते शिक्षण-नोकरीपुरतं. 2010 मध्ये कृष्णमूर्ती खटल्यात पाच जणांच्या घटनापीठानं ते पंचायतीला लावलं. सोबत बजावलं की राजकारणातलं मागासपण वेगळं असतं, नोकरीची यादी उचलून इथं चालणार नाही.

तुमचे गट रिकामे झाले ते 4 मार्च 2021 च्या गवळी निकालानं. त्यातलं पीठ तिघांचं, त्यामुळे त्यांना पाचांचं म्हणणं बंधनकारक होतं. त्यांनी कलम 12 ठेवलं, फक्त ‘27 टक्के’ हे ‘27 टक्क्यांपर्यंत, एकूण 50 च्या आत’ असं वाचलं. कायदा जगतो, अर्थ आकसतो.

उत्तर, निवडणूक कामातला कर्मचारी
हिशेब करून पाहा. समजा 58 गट आहेत. एससी 10, एसटी 7, झाले 17. 27 टक्के म्हणजे 15.66, धरले 16. बेरीज 33, अर्धे होतात 29. जास्तीचे 4. तरी 4 नाही, ओबीसींचे सगळेच गट गेले, कारण कोर्टानं घातलेल्या तीन अटींतली पहिलीच पुरी नव्हती: समर्पित आयोगानं त्या त्या संस्थेची ताजी, काटेकोर माहिती गोळा करणं. दुसरी अट, त्या माहितीवरून संस्थानिहाय प्रमाण ठरवणं. तिसरी, 50 ची मर्यादा. माहिती नाही तर मर्यादेत बसलेल्या 12 गटांनाही आधार उरत नाही. ओबीसी जागा ठेवण्यासाठी राज्य सरकारनं सप्टेंबर 2021 मध्ये काढलेल्या अध्यादेशाला 6 डिसेंबरला कोर्टाची स्थगिती मिळाली ती याच कारणानं. जुलै 2022 मध्ये बांठिया आयोगाचा, म्हणजे राज्यानं नेमलेल्या समर्पित आयोगाचा, अहवाल आल्यावर वाट मोकळी झाली. आकडा गोळा करायचं हे काम आधीच व्हायला हवं होतं, निवडून आलेल्या माणसांनी त्याची किंमत मोजली.

महिलांचे निम्मे गट यात वेगळे मोजू नका, ते प्रत्येक वर्गाच्या आतच बसतात.

प्रश्नकर्ता
2022 मध्ये ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाला, 50 च्या वर मान्यता मिळाली ना? मग इथं का नाही?

उत्तर, वकील, यवतमाळ
तो निकाल घटनेच्या 15(6) आणि 16(6) वर, म्हणजे शिक्षण आणि नोकरीच्या कलमांवर आहे. 243-ड त्यात आलंच नाही, म्हणून कृष्णमूर्ती जसाच्या तसा उभा आहे. पंचायतीत अपवाद एकच, अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींसाठी. अमरावती जिल्ह्यातले धारणी, चिखलदरा त्या क्षेत्रात येतात. पेसा 1996, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याप्रमाणे तिथं निम्म्याहून कमी जागा आदिवासींना देता येत नाहीत आणि सरपंचपद त्यांचंच. तिथली बेरीज कारंज्याला लावू नका.