उत्तर: सराव नाटकी का होतो

संकटाचा सराव शेवटी नाटकच होतो, सगळ्यांना आपापले संवाद पाठ असतात, हे तुमचं म्हणणं पटलं. पण मला त्यात दोष सराव घेणाऱ्याचा वाटतो.

आम्ही बडोद्यात शेजारच्या सोसायट्यांसाठी टेबलाभोवती बसून पुराचा सराव घेतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी रस्त्यांवर आली, तेव्हापासून विषय समजावून सांगावा लागत नाही. सुरुवात साधी: वरच्या आजवा धरणाचं पाणी आलंय, नदी चढतेय. मग दर दहा मिनिटांनी नव्या अडचणीची एक चिठ्ठी. लिफ्ट बंद. तळमजल्यावरच्या आजींचा ऑक्सिजन संपत आलाय. पार्किंगमध्ये मगर (आमच्या नदीत मगरी आहेत, हा विनोद नाही!). तिसऱ्या चिठ्ठीनंतर खरी गंमत: ज्या काकांना सगळं ठाऊक असतं, त्यांनाच "तुमचा फोन बंद पडला" म्हणून बाजूला बसवते. गेल्या वेळी पंपाच्या खोलीची किल्ली कुठे असते, हे उरलेल्यांपैकी एकालाही सांगता येईना. अशा वेळी सराव घेणाऱ्याची, म्हणजे आपली, जीभ उत्तर सांगायला वळवळते. बोलायचं नाही. मी चहाचा कप तोंडाला लावून बसते.

एक मात्र पाळा. सरावातला प्रत्येक फोन, प्रत्येक मेसेज "सराव, सराव" म्हणूनच सुरू करा, नाहीतर अफवा अर्ध्या तासात शहरात पार रावपुऱ्यापर्यंत. चर्चा त्याच दिवशी उरका, आणि ती "कोण चुकलं" यावर नको, "कुठली बातमी किती वाजता कुणाला कळली" यावर हवी. त्यासाठी वेळा टिपणारा एक जण खेळाबाहेर ठेवावा लागतो. आमच्याकडे ते काम एका निवृत्त रेल्वेवाल्यांकडे आहे.