पार्स करणे : पदपरिस्फोट की रूपांतर?

डिचोलीहून : मी कॉलेजात हास्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. एक्सएमएल फाइल (टॅग, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणा, लावून मांडलेला मजकूर) वाचून तिच्यातून भाषेचे स्वतःचे डेटा टाइप (माहितीचे ठरलेले साचे) तयार करायचे, हे मराठीतून समजावताना दर वाक्याला 'रूपांतर' येतं आणि मुलांचा गोंधळ उडतो. 'पार्स करणे'ला काय म्हणावं?

म्हापशाहून : शब्द शाळेतलाच आहे, पदपरिस्फोट. 'शब्दांचं व्याकरण चालवा' म्हणायचे, तेच. इंग्रजीतही पार्स व्याकरणाच्या तासातूनच संगणकात आला. पण इथे कामं दोन आहेत, आणि 'रूपांतर' दोन्ही झाकून टाकतं. हे पाहा :

<फेरी><पासून>रायबंदर</पासून><पर्यंत>चोडण</पर्यंत></फेरी>

(टॅगची नावं देवनागरीत चालतात.) पदपरिस्फोट झाला की हाती झाड येतं : 'फेरी'खाली दोन फांद्या, त्यांत नुसता मजकूर. 'पासून' नसलेली फेरी असूच शकत नाही, हे त्या झाडाला ठाऊक नसतं. ते टाइप सांगतो. झाडावरून त्या टाइपचं मूल्य घडवणं हे दुसरं काम, त्याला वेगळं नाव हवंच.

मडगावहून : 'प्रकारबांधणी' कसं वाटतं? माल्कम वॉलेस आणि कॉलिन रन्सिमन यांचा १९९९चा निबंध नेमका याच निवडीवर आहे : कुठल्याही झाडावर चालणारे कॉम्बिनेटर (एकमेकांना जोडून मोठी करता येणारी छोटी फंक्शनं) वापरायचे, की डीटीडीवरून (फाइलीत कुठले घटक कसे यावेत ते सांगणाऱ्या आराखड्यावरून) हास्केलचे टाइप काढायचे? त्यांच्या हॅक्सएमएलमध्ये, म्हणजे हास्केलमधून एक्सएमएल हाताळायच्या लायब्ररीत, दोन्ही वाटा आहेत. डीटीडीत घटकापुढे प्रश्नचिन्ह असेल तर मेबी (असेल किंवा नसेल असं मूल्य), तारा असेल तर लिस्ट (यादी), मध्ये उभी रेघ असेल तर टाइपला तितके पर्यायी कन्स्ट्रक्टर (त्या टाइपचं मूल्य घडवायच्या वाटा). जुळणी इतकी सरळ आहे की टाइप हाताने लिहावे लागत नाहीत, यंत्रच लिहून देतं. मला तरी हे फार देखणं वाटतं.

डिचोलीहून : बांधणी आवडली. पण 'प्रकार' म्हटलं की 'काल घडला तो प्रकार' आठवतो. वर्गात सगळे टाइपच म्हणतात, तर टाइपबांधणी?

म्हापशाहून : खुशाल. पाव पोर्तुगीज, भाजी आपली, तरी पावभाजी कुणाला खटकत नाही. चुका सांगताना मात्र दोन्ही शब्द काटेकोर वापरा. '</पासून>' लिहायचं राहिलं तर पदपरिस्फोटच होत नाही. 'पासून' हा घटकच नसेल, तर पदपरिस्फोट बिनचूक होतो आणि टाइपबांधणी अडते. मुलांना या दोन फाइली शेजारी शेजारी ठेवून दाखवा.